वाळक्या पानाखालचा नारिंगी पंख: युडोसिमा पतंग कसा ओळखायचा आणि तो जगतो कसा

ताई, तुमचे फोटो आणि प्रश्न नीट पाहिले. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. वरुडच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या जंगलाला लागून तुमचं शेतघर आहे. रात्री भिंतीवर वाळकं पान चिकटल्यासारखं काहीतरी दिसलं, काडीने हलवलं तर खालून भडक नारिंगी पंख उघडले आणि त्यावर काळा डाग होता. दोन दिवसांनी पुन्हा तसंच दिसलं, त्याचाही फोटो काढलात. मग कुंपणावरच्या गुळवेलीवर डोळे असलेली काळसर अळी सापडली, ती मुलांनी डब्यात ठेवली आहे. हे फुलपाखरू की पतंग, अळी त्याचीच का, विषारी आहे का, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात तसा संत्र्याची फळगळ करणारा हाच का, असे तुमचे प्रश्न आहेत.

हा पतंगच. युडोसिमा या प्रजातीतला (इंग्रजीत genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट), एरेबिडी कुळातला. तुम्ही दोन्ही फोटो एकाच किड्याचे समजून पाठवलेत, पण त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. अळीही याच प्रजातीची आहे. माणसाला या पतंगापासून किंवा अळीपासून काहीही त्रास नाही. अळीच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात, हातावर घेतली तरी चालते. संत्र्याबद्दल घरचे म्हणतात ते खरं आहे. फक्त बागेत दिसतो तो या पतंगाच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा आहे. बाकीचं सगळं जंगलातल्या आणि बांधावरच्या वेलींवर घडतं, आणि ते माहीत नसेल तर बागेतले उपायही वाया जातात.

आधी ओळख. युडोसिमा पंख मिटून बसतो तेव्हा वरून फक्त पुढचे पंख दिसतात, आणि ते हुबेहूब वाळक्या पानाचे असतात: तपकिरी, त्यावर जांभळट किंवा हिरवट झाक, मधोमध शिरेसारखी तिरपी रेघ, टोकदार अग्र आणि मागच्या कडेला पान कुरतडल्यासारखी खाच. अंग जाडजूड, पाठीवर दाट लव. पंख पसरले की रुंदी साधारण आठ ते दहा सेंटिमीटर भरते, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या पतंगांत हा मोडतो. डोक्यापुढे दोन लांब, वर वळलेले भाग चोचीसारखे दिसतात. ते ओठांजवळचे स्पर्शक आहेत, सोंड नव्हे. सोंड त्यांच्या खाली गुंडाळलेली असते.

मात्र जात ठरते मागच्या पंखावरून, आणि म्हणून तुम्ही काडीने हलवून काढलेले फोटो मोलाचे आहेत. नुसत्या बसलेल्या पतंगाचा फोटो आला असता तर मी प्रजातीच्या पुढे गेलो नसतो. तुमच्या पहिल्या फोटोत नारिंगी पंखावर मोठा, वाकडा काळा डाग आहे, स्वल्पविरामाच्या किंवा चंद्रकोरीच्या आकाराचा, आणि बाहेरच्या कडेला रुंद काळा पट्टा. ही युडोसिमा फॅलोनिया. दुसऱ्या फोटोत कडेचा काळा पट्टा आहे, पण मधला डाग लहान आणि गोल आहे, टिकलीएवढा. ही युडोसिमा मॅटर्ना. दोन्ही जातींना नावं स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनेच दिली, फॅलोनियाला १७६३ मध्ये आणि मॅटर्नाला १७६७ मध्ये. जुन्या शेतकी पुस्तकांत फॅलोनियाचं नाव ऑथ्रिस फुलोनिया असं सापडेल. ती निराळी कीड नाही, हीच.

फॅलोनियात नर-मादीचा फरकही बहुतेक वेळा कळतो. नराचा पुढचा पंख एकसारखा जांभळट तपकिरी असतो. मादीच्या पंखावर रंगांची सरमिसळ जास्त असते आणि मध्याजवळ फिकट तिकोनी डाग दिसतो. तुमच्या पहिल्या फोटोत तो डाग स्पष्ट आहे, तेव्हा ती मादी धरायला हरकत नाही.

आपल्या भागात युडोसिमा होमेना ही तिसरी जातही मिळते. तिच्याही मागच्या पंखावर वाकडा डाग असतो, त्यामुळे घाईत तिला फॅलोनिया म्हणणारे पुष्कळ आहेत. पुढचा आणि मागचा असे दोन्ही पंख स्पष्ट दिसत नसतील तर मी तिचं नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. आणखी एक गफलत नेहमी होते. पावसाळ्यात दिव्यावर येणारा असोटा नावाचा पतंग असतो, उंबर-वडाच्या कुळातल्या झाडांवर त्याची अळी वाढते. त्याचंही अंग आणि मागचे पंख पिवळे-नारिंगी, त्यावर काळे ठिपके. पण तो युडोसिमापेक्षा बराच लहान असतो, आणि पुढच्या पंखाच्या मुळाशी नारिंगी रंग व काळे ठिपके असल्यामुळे मिटलेल्या अवस्थेतही रंगीत दिसतो. युडोसिमा मिटला की रंग पार नाहीसा होतो.

या लपवलेल्या रंगाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या किड्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच आहे. दिवसा हा पतंग पाचोळ्यात किंवा फांदीवर निश्चल बसतो. पक्ष्याने टोचलं किंवा तुमच्यासारखी कोणी काडी लावली की पुढचे पंख एकदम पुढे सरकतात आणि मागचा नारिंगी-काळा पंख झळकतो. छोट्या पक्ष्याला दचकवायला तेवढा क्षण पुरतो. उडाला तर पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांत नारिंगी रंग भरतो. पतंग पाच-सात मीटरवर जाऊन बसतो, पंख मिटतो, आणि पक्षी शोधत राहतो नारिंगी वस्तू, जी तिथे नसतेच. जंगलात पायाखालून असा पतंग उडाला तर तो बसला ती जागा नजरेने धरून ठेवा आणि सावकाश जा. पानं एकेक करून पाहावी लागतात. खाच असलेलं, जरा जास्तच जाड वाटणारं पान दिसलं की तोच असतो.

आता अळी. मुलांनी पाहिलेले दोन डोळे हे डोळे नव्हेत. अळीचं खरं डोकं लहान असतं आणि बसताना ती ते खाली वाकवून छातीखाली घेते. पोटाच्या पुढच्या भागातल्या दोन खंडांवर, दोन्ही बाजूंना मोठे गोल ठिपके असतात: आत काळं बुबुळ, त्यात निळसर-पांढरी चमक, भोवती पिवळं किंवा नारिंगी कडं. डोकं आत घेतलं की हेच ठिपके समोर येतात. त्याच वेळी शेपटीकडचा भाग वर उचललेला असतो, तिथे उंचवटा असतो. वेलीत घुसलेल्या चिमणीएवढ्या पक्ष्याला समोर अचानक डोळे वटारलेलं तोंड दिसतं. रंगावर जाऊ नका. एकाच जातीच्या अळ्या मखमली काळ्या, तपकिरी किंवा हिरवट अशा कुठल्याही निघतात, अगदी एकाच वेलीवरसुद्धा. पोटाखालच्या मांसल पायांची पुढची जोडी खुरटलेली असल्यामुळे ती कमान करत चालते, म्हणून शेतकरी तिला उंटअळीच म्हणतात. एरंडीवरची उंटअळी वेगळी, तिच्यावर असे डोळे नसतात. तुमच्या फोटोवरून अळी फॅलोनियाची की मॅटर्नाची हे मी सांगणार नाही. दोघींच्या अळ्या सारख्याच दिसतात आणि दोघी गुळवेल खातात. पतंग बाहेर पडला की कळेल.

मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, कधी सुटी, कधी पुंजक्यात. अळी पूर्ण वाढली की पाच-सहा सेंटिमीटर होते, मग दोन-तीन पानं रेशमी धाग्याने एकत्र ओढून त्यांच्या आत कोश करते. अंड्यापासून पतंगापर्यंत पावसाळी हवेत महिना-सव्वा महिना लागतो.

पान कुठल्याही वेलीचं चालत नाही. आपल्या देशात या अळ्या गुळवेलीच्या कुळातल्या वेली खातात. आपल्याकडे त्यांतल्या मुख्य म्हणजे गुळवेल आणि वासनवेल. वासनवेल तुम्हाला माहीत असेल, पानं पाण्यात चुरली की पाणी थिजून जेलीसारखं होतं तीच. पहाडवेल आणि कोकण-गोव्याकडची काकमारीही याच कुळातली. या कुळाचा पाला कडू अल्कलॉइडांनी भरलेला असतो, बहुतेक किडे त्याच्या वाटेला जात नाहीत. युडोसिमाने तो पचवला आणि त्यामुळे त्याला खाण्यात फारसा वाटेकरी उरला नाही.

आता हंगामाचं गणित पाहा. गुळवेल उन्हाळ्यात निष्पर्ण होते, नुसती सालपटं सुटलेली दोरखंडं झाडांवर लोंबत राहतात. मृगाच्या पावसानंतर तिला हृदयाच्या आकाराची कोवळी पानं फुटतात. जुलै-ऑगस्टमध्ये वेली भरात असतात तेव्हा अळ्या वाढतात, आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत जंगलातून पतंगांच्या पिढ्या बाहेर पडतात. नेमकं त्याच सुमाराला तुमच्या संत्र्याचा अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेला, तोडणीकडे निघालेला असतो. पतंगाला संत्र्याशी काही खास वैर नाही. जंगलातली पिकलेली फळं हेच त्याचं मूळ खाणं. आपण जंगलाच्या काठाला शेकडो एकर एकाच वेळी पिकणारं फळ लावलं, तेही त्याच्या ऐन हंगामात. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराची फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, तोवर वेली सुकायला लागलेल्या असतात, म्हणून त्या बहाराला हा त्रास त्या मानाने कमी.

आणि हा पतंग फळाला भोक पाडतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. फुलपाखरांची सोंड मऊ असते, उघडं मध चोखण्यापुरती. युडोसिमाच्या सोंडेचं टोक कठीण, अणकुचीदार असतं आणि त्यावर मागे वळलेले काटे व कानशीसारखे दाते असतात. सोंड दोन अर्ध्या नळ्या जोडून झालेली असते, आणि भोक पाडताना हे दोन अर्धे आळीपाळीने मागे-पुढे सरकतात, दोन करवती एकीआड एक चालाव्यात तसे. संत्र्याची जाड साल त्यापुढे टिकत नाही. याच उपकुळातल्या कॅलिप्ट्रा नावाच्या पतंगांनी हीच सोंड जनावरांच्या कातडीत घालायला सुरुवात केली. हान्स बॅन्झिगर या संशोधकाने १९६०च्या दशकात मलेशियात त्यांतल्या एका जातीला सस्तन प्राण्यांचं रक्त पिताना पाहिलं. युडोसिमा मात्र फळांवरच आहे, मुलांना घाबरवू नका.

बागेत नुकसान कसं दिसतं ते घरच्यांना माहीत असेलच, तरी सांगतो, कारण फळमाशीचं नुकसान याच्या नावावर आणि याचं फळमाशीच्या नावावर सर्रास खपतं. ताज्या हल्ल्यात फळावर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक असतं. भोकाच्या बाजूला हलकेच दाबलं तर रसाची बारीक पिचकारी उडते. दोन-तीन दिवसांत भोकाभोवती रुपयाएवढं मऊ, तपकिरी वर्तुळ होतं, कारण त्या वाटेने बुरशी आणि जिवाणू आत शिरलेले असतात. मग फळ गळतं. कापून पाहिलं तर भोकाखालच्या फोडी कोरड्या, स्पंजसारख्या झालेल्या दिसतात. आत पांढऱ्या, टोकाकडे निमुळत्या अळ्या वळवळत असतील तर ते काम फळमाशीचं. युडोसिमाची अळी फळात कधीच नसते. पतंगाने पिऊन झालेल्या भोकावर नंतर इतर पतंगही येतात, एरंडीच्या उंटअळीचा पतंग त्यांत नेहमी असतो. ते दुय्यम पाहुणे, धडधाकट साल त्यांना सहसा फोडता येत नाही.

फवारणी का चालत नाही, हे आता लक्षात येईल. अळी बागेत नाही, अंडी बागेत नाहीत, आणि मोठा पतंग दिवेलागणीनंतर येतो, सोंड सालीच्या आत घालून रस पितो आणि उजाडायच्या आत निघून जातो. सालीवरचं औषध त्याच्या पोटात फारसं जातच नाही, शिवाय तोडणीला आलेल्या फळावर विष मारणं चूकच. प्रकाशसापळ्यावरही या एका किडीसाठी विसंबू नका, फळांच्या वासाला हा जितका ओढतो तितका दिव्याला नाही. तुमच्या भिंतीवर आला, पण बागेत येणाऱ्यांच्या मानाने दिव्यावर येणारे थोडेच.

सर्वांत खात्रीचं काम म्हणजे गळालेली फळं रोज वेचून खोल पुरणं, कारण सडक्या फळांचा वासच पुढच्या पतंगांना बोलावतो. संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान बागेत ओल्या पालापाचोळ्याचा धूर केला तर पतंग त्या रात्रीपुरते दूर राहतात. यात मेहनत आहे, पण ऐन महिना-दीड महिन्यापुरती. गूळ आणि फळांच्या रसाचं विषारी आमिष रुंद तोंडाच्या बाटल्यांत टांगण्याची शिफारसही आहे. औषध आणि प्रमाण मात्र कृषी विज्ञान केंद्रातून किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या सल्ल्यानेच ठरवा, आणि बाटल्या मुलांच्या व जनावरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. डाळिंबासारख्या पिकात फळाला कागदी पिशवी घालणं परवडतं, संत्र्याच्या मोठ्या बागेत नाही. घराजवळची थोडी झाडं असतील तर रात्री बॅटरी घेऊन फिरा. उजेडात या पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे लाल-नारिंगी चमकतात, फळावर बसलेला जाळीने सहज पकडता येतो. मी बागायतदारांना हे आवर्जून करायला सांगतो, कारण एकदा डोळ्यांनी पाहिलं की कीड नेमकी कोणती, किती आणि रात्री किती वाजता येते याचा वाद मिटतो.

आता गुळवेलीचा प्रश्न. शेतकी सल्ल्यात बागेच्या आसपासच्या गुळवेल आणि वासनवेल काढून टाका असं सांगतात. बागेच्या आत आणि लगतच्या बांधावर ते योग्यच आहे. पण काढायची रीत चुकते. कोयत्याने तोडून तुकडे तिथेच कुंपणावर टाकले तर गुळवेल मरत नाही. टांगता तुकडासुद्धा हवेतून दोऱ्यासारखी मुळं सोडतो, ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा उभी. मुळासकट उपटा, तुकडे गोळा करून उन्हात वाळवा किंवा घरच्या काढ्याला वापरा. घराजवळची एखादी औषधी वेल ठेवायची असेल तर जरूर ठेवा, फक्त पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पानं उलटून अळ्या वेचत जा.

जंगलातल्या वेलींना मात्र हात लावू नका, आणि गावातल्या कोणाला लावू देऊ नका. तो उपाय होऊच शकत नाही. हा पतंग ताकदीचा उडणारा आहे, सातपुड्याच्या उतारावरची सगळी गुळवेल काढणं अशक्य आहे, आणि बांध साफ केल्यानंतरही थोडे पतंग येणारच. बांध साफ करून आपण त्यांची संख्या उतरवतो, इतकंच. जंगलातल्या वेलीवर याच पतंगाच्या अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशा वाढतात, अळ्यांवर पक्षी पोसतात, वेलीची लाल फळं पक्षी खातात. ही साखळी जिवंत आहे तोवर दर हंगामाला पतंगांचा लोंढा येत नाही. या गांधीलमाशांचं मोल इतकं आहे की पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर त्या मुद्दाम बाहेरून आणून सोडल्या गेल्या.

त्याच बेटांमुळे एक गैरसमज आपल्याकडे आला आहे, तोही इथेच काढून टाकतो. इंटरनेटवर फॅलोनियाची माहिती शोधली की अळीचं खाद्य म्हणून पांगारा हमखास सापडतो. पॅसिफिक बेटांवर ते खरं आहे, तिथे या अळ्या पांगाऱ्यावर वाढतात. आपल्याकडे त्यांचं खाणं गुळवेलीच्या कुळातलं. तेव्हा या पतंगाच्या भीतीने बांधावरचा पांगारा तोडू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या फुलांवर मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड असते.

राहता राहिली मुलांची अळी. डब्याच्या झाकणाला बारीक भोकं पाडा, तळाशी कागद घाला, रोज गुळवेलीची ताजी पानं द्या आणि विष्ठा काढून टाका. पानावर पाण्याचे थेंब नकोत, कोंदट डब्यात अळीला रोग लागतो. चार-पाच दिवसांत ती खाणं थांबवून अस्वस्थपणे फिरू लागेल, तेव्हा जरा मोठी पानं आणि एखादी काटकी ठेवा, ती पानं गुंडाळून आत कोश करील. कोश उघडून पाहायचा मोह मुलांना होईल, तो आवरा. साधारण दोन आठवड्यांनी पतंग बाहेर येईल. पंख वाळायला त्याला उभ्या काटकीवर चढता आलं पाहिजे, नाहीतर पंख चुरगळलेलेच राहतात. कोशातून पतंगाऐवजी माश्या किंवा बारीक गांधीलमाशा निघाल्या तर निराश होऊ नका. अळीला आधीच परजीवी लागलेला होता इतकाच त्याचा अर्थ, आणि त्यांचेही फोटो काढून ठेवा, बागायतदाराच्या दृष्टीने ती माहिती पतंगाइतकीच कामाची आहे.

पतंग निघाला तर पंख पूर्ण वाळल्यावर, म्हणजे संध्याकाळी, मागच्या पंखाचा वरून सरळ फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून. गोल डाग असेल तर मॅटर्ना, वाकडा असेल तर पुढच्या पंखाचा फोटोही सोबत पाठवा, फॅलोनिया की होमेना ते बघून सांगतो. सोडताना बागेच्या बाजूला नको, जंगलाच्या कडेला सोडा.